क्रॅन्स्टनला पन्नाशीनंतर यश मिळालं, मग मी आणखी किती थांबू?

तुमच्या प्रश्नाचा गाभा मला असा दिसतो. वय छत्तीस. सांगली सोडून मुंबईत आलात, इथेच संसार केलात. मालिकांमध्ये कधी डॉक्टर, कधी वकील, कधी इन्स्पेक्टर. वर्षाकाठी एखादी जाहिरात. घरखर्चाचा मोठा भाग डबिंगवर. घरात लहान मूल. मन खचलं की मित्र ‘ब्रेकिंग बॅड’ या अमेरिकन मालिकेचा नायक ब्रायन क्रॅन्स्टनचं नाव काढतात: त्याला नाही का पन्नाशी उलटल्यावर मिळालं? म्हणून तुम्ही विचारताय की आणखी किती वर्षं थांबायचं, आणि छोटी कामं घेत राहिल्यानं शिक्का बसतो तर ती बंद करून चांगल्या भूमिकेची वाट बघायची का.

मी मुंबईत कास्टिंग करतो, हिंदी वेब मालिकांसाठी आणि मराठी सिनेमांसाठी. ऑडिशनसाठी बाहेर बसलेल्यांच्या तोंडी क्रॅन्स्टनचं नाव इतक्या वेळा ऐकलं की शेवटी त्याची कारकीर्द मुळापासून तपासली, २०१६ मध्ये आलेलं त्याचं आत्मचरित्रही वाचलं. तुमचे मित्र खोटं सांगत नाहीत. पण ते गोष्टीचा शेवट सांगतात, आणि तुम्हाला उपयोगाचा आहे तो मधला भाग.

आधी वयाचा हिशेब. ‘ब्रेकिंग बॅड’चा पहिला भाग २० जानेवारी २००८ ला एएमसी या केबल वाहिनीवर लागला तेव्हा क्रॅन्स्टन एक्कावन्न वर्षांचा होता. त्याच वर्षी प्रमुख भूमिकेसाठी एमी हा टीव्हीचा मोठा पुरस्कार मिळाला तेव्हा बावन्न. इथवर मित्र बरोबर. पण त्या क्षणी तो कोपऱ्यात पडलेला अनोळखी नट नव्हता. २००० ते २००६ या काळात फॉक्स वाहिनीवर ‘माल्कम इन द मिडल’चे १५१ भाग झाले होते, त्यातला बाप म्हणजे हाच. त्या कामासाठी तीन एमी नामांकनं गाठीशी होती. त्याही आधी जवळजवळ वीस वर्षं तो लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्कमध्ये सतत काम करत होता. पंचविशीपासून आपलं पोट फक्त अभिनयावर चाललंय, याचा त्याला सगळ्या पुरस्कारांपेक्षा जास्त अभिमान आहे, असं तो सांगत आलाय.

तो थांबला नव्हता, हा माझ्या उत्तराचा मुख्य मुद्दा. बाकीचं सगळं त्याचं स्पष्टीकरण आहे.

हा अभिमान कुठून आला ते त्याच्या वडिलांकडे बघून कळतं. जो क्रॅन्स्टनही नटच होते. कामं मिळायची, पण त्यांना स्टार व्हायचं होतं. ते काही जमलं नाही. पैशांची ओढाताण वाढली, घर कर्जापायी गेलं, वडील कुटुंब सोडून गेले आणि ब्रायन शाळकरी वयात काही काळ आजी-आजोबांच्या कोंबड्यांच्या फार्मवर राहिला. अशा घरातला मुलगा अभिनयाकडे वळेल कशाला? त्यानं आधी पोलीस व्हायचं ठरवलं होतं, १९७६ मध्ये त्या विषयातली कॉलेजची पदविकाही घेतली. नंतर भावाबरोबर मोटारसायकलवर अमेरिका पालथी घातली आणि त्या भटकंतीत अभिनयाचा निर्णय पक्का झाला. वडिलांच्या आयुष्यातून त्यानं जे उचललं ते फार व्यवहारी होतं. स्टार होणं हे त्यानं ध्येयच ठेवलं नाही. काम करणारा नट व्हायचं, एवढंच ठेवलं. माझ्याकडे येणारी पोरं नेमका हाच फरक करत नाहीत. प्रत्येकाला पहिल्या दिवसापासून जो क्रॅन्स्टनची महत्त्वाकांक्षा असते आणि उदाहरण मात्र मुलाचं द्यायचं असतं.

आता तुमच्या वयाचा क्रॅन्स्टन बघा. सत्ताविसाव्या वर्षी, १९८३ मध्ये, एबीसी वाहिनीच्या ‘लव्हिंग’ या दुपारच्या रोजच्या मालिकेत त्याला नियमित भूमिका मिळाली. न्यूयॉर्कमध्ये चित्रीकरण, आपल्या डेली सोपसारखाच रोजचा रगाडा. १९८५ मध्ये ते काम सुटलं. मग ‘एअरवुल्फ’, ‘मॅटलॉक’, ‘मर्डर, शी रोट’, ‘बेवॉच’ अशा मालिकांमध्ये एकेका भागाचा पाहुणा. ‘एअरवुल्फ’च्या सेटवर रॉबिन डिअर्डन ही अभिनेत्री भेटली, १९८९ मध्ये त्यांचं लग्न झालं, १९९३ मध्ये मुलगी झाली. त्याच १९९३ मध्ये सदतीस वर्षांचे हे गृहस्थ काय करत होते? लहान मुलांच्या ‘पॉवर रेंजर्स’मध्ये राक्षसांना आवाज देत होते. ती मालिका जपानी मालिकेतली मारामारीची दृश्यं घेऊन अमेरिकेत बनायची, त्यामुळे राक्षसांचं डबिंग लागायचं. जपानी अॅनिमेशनचं इंग्रजी डबिंगही तो करायचा. तुम्ही डबिंगविषयी जरा ओशाळून लिहिलंय म्हणून हे मुद्दाम सांगतोय. अडतिसाव्या वर्षी ‘साइनफेल्ड’मध्ये दातांच्या डॉक्टरची भूमिका आली, १९९४ ते १९९७ या काळात मोजक्या भागांत तो डॉक्टर येऊन गेला. १९९८ च्या ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’मध्ये तो एक हात गमावलेला कर्नल आहे. डोळा लागला तर चुकेल इतकं छोटं काम.

इथवर हे सगळं तुमच्यासारखंच वाटेल. पुढची घटना नीट वाचा, कारण क्रॅन्स्टनचं नाव घेणारे बहुतेक जण ती सांगतच नाहीत.

नोव्हेंबर १९९८ मध्ये ‘द एक्स-फाइल्स’चा ‘ड्राइव्ह’ नावाचा भाग लागला. क्रॅन्स्टन त्यात क्रम्प नावाचा माणूस आहे. गाडी पश्चिमेकडे वेगानं धावत राहिली नाही तर त्याचं डोकं फुटणार, अशी विचित्र व्याधी त्याला जडलीय, आणि त्यानं नायकाला बंदुकीच्या धाकानं गाडी चालवायला लावलंय. माणूस तुसडा, ज्यूद्वेष्टा, तोंडाळ. लेखकाला असा नट हवा होता की प्रेक्षकाला या माणसाची घृणा यावी आणि तरी तो मरताना वाईट वाटावं. घृणा आणणारे नट पुष्कळ असतात. दुसरी अट अवघड. क्रॅन्स्टननं ती पुरी केली. भाग संपला, मानधन मिळालं, तो पुढच्या कामाला लागला. पुढे बरीच वर्षं त्या कामातून काही निघालं नाही.

त्या भागाचा लेखक होता विन्स गिलिगन. हाच गिलिगन पुढे ‘ब्रेकिंग बॅड’ घेऊन आला, रसायनशास्त्राचा मवाळ मास्तर अमली पदार्थांचा सम्राट होतो ती गोष्ट. त्याला पुन्हा तोच नट हवा होता: कृत्य किळसवाणं, तरी माणूस सोडवत नाही. वाहिनीच्या लोकांना मात्र क्रॅन्स्टन म्हटलं की ‘माल्कम’मधला चड्डीवर घरभर नाचणारा बाप आठवायचा. गिलिगननं त्यांना तो जुना भाग काढून दाखवला आणि विरोध मावळला.

कास्टिंगच्या बाजूनं बघणाऱ्या मला यात तीन गोष्टी दिसतात. पहिली, ते काम एका भागाचं होतं, पण भूमिका अख्खी होती. सुरुवात, कळस, शेवट, सगळं एका तासात. दुसरी, ते पाहणारा माणूस लेखक होता, आणि अमेरिकन टीव्हीत लेखकच पुढे मालिकेचा कर्ताधर्ता होतो. ज्याला तिकडे शोरनर म्हणतात तो बहुतेक वेळा लेखकांच्या खोलीतून वर आलेला असतो आणि कास्टिंगमध्ये त्याचा शब्द वजनदार असतो. तिसरी, क्रॅन्स्टन नुसता आठवणीवर निवडला गेला नाही. संहिता वाचल्यावर तो गिलिगनला भेटला तेव्हा वॉल्टर व्हाइट कसा दिसेल हे मनात घेऊनच गेला होता: थोडा सुटलेला, फिकट, भिंतीत मिसळून जाणाऱ्या रंगाचे कपडे, केविलवाणी मिशी. मी ऑडिशन घेतो तेव्हा कलाकार विचारतात, ‘सर, कसं हवंय?’ प्रश्न चुकीचा नाही, पण स्वतःचं काही करून दाखवल्यानंतर विचारावा.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते सांगतो, कारण तुम्ही लॉस एंजेलिसमध्ये नाही. क्रॅन्स्टनला वीस वर्षं छोट्या कामांवर घर चालवता आलं त्यामागे त्याची चिकाटी आहेच, पण एक यंत्रणाही आहे. अमेरिकेतल्या पडद्यावरच्या कलाकारांच्या संघटनेनं गेल्या शतकाच्या पन्नासच्या दशकापासून टीव्हीच्या पुनःप्रक्षेपणाचा मोबदला मिळवायला सुरुवात केली, आणि १९६० च्या संपानंतर निवृत्तिवेतन आणि आरोग्य योजनेची सोय झाली. जुना भाग पुन्हा लागला की पाहुण्या कलाकारालाही पैसे जातात. वर्षाला ठरावीक कमाई केली तर आरोग्यविमा मिळतो. रक्कम कधी हसण्यासारखी असते, पण दोन कामांमधले कोरडे महिने त्यावर निघतात. स्ट्रीमिंगमुळे हा मोबदला आटला म्हणूनच २०२३ मध्ये तिथले कलाकार १४ जुलैपासून नोव्हेंबरपर्यंत संपावर होते, आणि न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरच्या सभेत खुद्द क्रॅन्स्टननं डिस्नेच्या प्रमुखाला नाव घेऊन सुनावलं होतं. स्वतः कोट्यधीश झालेला माणूस तिथे का उभा राहिला, हे त्याची आधीची वीस वर्षं माहीत असली की विचारावं लागत नाही.

आपल्याकडे २०१२ च्या कॉपीराइट कायद्यातल्या दुरुस्तीनं कलाकाराचा रॉयल्टीचा हक्क कागदावर आला. पण माझ्या ओळखीतल्या, एकेका भागापुरतं काम करणाऱ्या एकाही कलाकाराला मालिका पुन्हा लागल्याबद्दल पैसे मिळालेले मी पाहिलेले नाहीत. उलट केलेल्या कामाचेच पैसे नव्वद दिवसांनी, तेही काम मिळवून देणाऱ्या कोऑर्डिनेटरला चार फोन केल्यावर. म्हणून ‘क्रॅन्स्टननं वीस वर्षं काढली, तूही काढ’ हा सल्ला मुंबईत जसाच्या तसा लागू पडत नाही. तुमच्या बाबतीत ती यंत्रणा म्हणजे तुमचं डबिंग, आणि कदाचित तुमच्या पत्नीचा पगार. त्यांच्यासाठीही ते किती वर्षं चालेल, हा प्रश्न घरात बसून बोला. ते मी ठरवू शकत नाही आणि तुमच्या मित्रांनी तर मुळीच ठरवू नये.

दुसरा फरक कामाच्या आकाराचा. अमेरिकन मालिकेत पाहुण्या कलाकाराला एका भागात पुरती भूमिका मिळू शकते. आपल्या डेली सोपमधला डॉक्टर येतो, ‘चोवीस तास महत्त्वाचे आहेत’ म्हणतो आणि जातो. अशी शंभर कामं केली तरी दाखवायला काही साठत नाही. ‘सीआयडी’ किंवा ‘क्राइम पेट्रोल’ छापाच्या, एका भागात एक प्रकरण संपवणाऱ्या कार्यक्रमांत ती संधी असायची, आणि तिथून आलेल्या कलाकारांना मी आजही जास्त विश्वासानं बोलावतो. कारण साधं आहे: सलग दृश्य ओढून नेल्याचा पुरावा त्यांच्याकडे असतो.

तेव्हा तुमच्या शिक्क्याच्या प्रश्नाला माझं उत्तर असं. छोटी कामं बंद करू नका, पण मानधन सारखं असेल तर भूमिका मोजताना दिवस मोजू नका, दृश्य मोजा. पाच दिवसांचा मुका इन्स्पेक्टर आणि एका दिवसाचा, दोन पानांचं दृश्य असलेला चोर यात चोर घ्या. शिक्का छोट्या कामानं बसत नाही, एकाच प्रकारच्या कामानं बसतो. क्रॅन्स्टनलाही तो बसला होता, आणि तो छोट्या कामांमुळे नव्हे, तर सर्वांत मोठ्या कामामुळे. ‘माल्कम’ संपल्यावर त्याला तशाच वेंधळ्या बापाच्या भूमिका देऊ केल्या गेल्या आणि त्यानं नकार दिला. हे लक्षात घ्या: नकाराची वेळ तेव्हा आली. १५१ भागांचं मानधन बँकेत असताना. सदतिसाव्या वर्षी राक्षसाच्या आवाजाला त्यानं नकार दिला नव्हता.

नशिबाचा वाटाही मान्य करायला हवा. तो स्वतःच करतो. ‘माल्कम’ला आठवा सीझन मिळाला असता तर तो २००७ च्या सुरुवातीला ‘ब्रेकिंग बॅड’चा पायलट, म्हणजे नमुन्याचा पहिला भाग, करायला मोकळाच नसता, असं त्यानं सांगितलंय. एक मालिका बंद पडली म्हणून दुसरी मिळाली. आणि मिळालेलीही लगेच चालली असं नाही. लेखकांच्या संपामुळे पहिला सीझन सात भागांतच आटोपला. पहिल्या भागाला साधारण १४ लाख प्रेक्षक होते. सप्टेंबर २०१३ च्या शेवटच्या, बासष्टाव्या भागाला एक कोटीहून जास्त. या नशिबाची योजना आखता येत नाही. मी कास्टिंगच्या खोलीत रोज बघतो: एखादा उत्तम नट फक्त उंचीमुळे जातो, कारण नायिका आधीच लॉक झालेली असते. त्याला ते कधी कळतही नाही आणि तो घरी जाऊन आपल्या अभिनयात खोट शोधत बसतो.

इथे क्रॅन्स्टनची एक सवय उपयोगी पडेल. नव्वदच्या दशकात एका मार्गदर्शकाच्या बोलण्यावरून त्यानं ऑडिशनकडे बघायची पद्धत बदलली. तिथे काम मागायला जायचं नाही, काम करायला जायचं. संहितेतल्या माणसाला उभं करायचं, दाखवायचं आणि निघून जायचं. निवड करणं हे त्यांचं काम, त्यावर आपला ताबा नाही. ऐकायला सोपं वाटतं, पण समोर बसणाऱ्याला हा फरक पहिल्या वाक्याला कळतो. काम मागायला आलेला माणूस दृश्यात असतानाही माझ्या चेहऱ्याकडे बघत असतो. सेल्फ टेस्टमध्ये, म्हणजे कलाकारानं स्वतः चित्रित करून पाठवलेल्या ऑडिशनमध्येही कळतं: संवाद संपल्यावर कॅमेरा बंद व्हायच्या आधी डोळ्यांत ‘बरं झालं ना?’ उमटतं.

मग किती थांबायचं? माझ्या मते प्रश्न वर्षांचा नाहीच. दरवर्षी डिसेंबरात स्वतःला तीन गोष्टी विचारा. यंदाची कामं गेल्या वर्षीपेक्षा जरा तरी भरीव होती का? ज्यांच्याबरोबर एकदा काम केलं त्यांच्यापैकी कुणी स्वतःहून पुन्हा बोलावलं का? आणि अभिनयाच्या वाटेवरच्या कमाईवर, डबिंग धरून, घर चाललं का? तिन्हींना ‘नाही’ आलं, आणि पुढच्या वर्षीही तसंच आलं, तर क्रॅन्स्टन तुमच्या मदतीला येणार नाही. दोनांना ‘हो’ असेल तर तुम्ही थांबलेले नाही आहात, धंद्यात आहात. तुमच्या पत्रावरून मला दुसऱ्या प्रश्नाबद्दल शंका वाटते. कामांची यादी दिलीत, पण कुणी पुन्हा बोलावल्याचा उल्लेख नाही. तिथे आधी बघा.

आणि लेखकांना ओळखा. चहापाण्यापुरतं ओळखणं पुरत नाही, त्यांच्या संहिता वाचा, त्यांची नाटकं करा. आपल्याकडे गिलिगन कुठे भेटतो? पुरुषोत्तम करंडक या महाविद्यालयीन स्पर्धेसाठी एकांकिका लिहिणारी मुलं आज वेब मालिकांच्या लेखकांच्या खोल्यांमध्ये बसलेली आहेत. प्रायोगिक नाटकाच्या तालमीला पैसे नसतात, पण तिथे तुम्हाला अख्खी भूमिका मिळते आणि ती लेखकाच्या डोळ्यांदेखत होते. क्रॅन्स्टनही मोठा झाल्यावर रंगमंचाकडे आलाच: ‘ऑल द वे’मधला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन आणि ‘नेटवर्क’मधला वृत्तनिवेदक, दोन्हींसाठी टोनी हा तिकडचा नाट्यपुरस्कार, २०१४ आणि २०१९ मध्ये. त्या यशाची नक्कल करायला मी सांगत नाही; तालमीची सवय मोडू देऊ नका एवढंच.

तुम्ही शेवटी विचारलंय की त्याचं नेमकं काय बघून शिकावं. ‘ब्रेकिंग बॅड’ बाजूला ठेवा, ते सगळेच बघतात. आधी ‘ड्राइव्ह’ बघा, आवाज बंद करून. क्रम्प शिव्या देतोय की गयावया करतोय हे नुसत्या जबड्यावरून ओळखता येतं का पाहा. मग ‘माल्कम’चा पहिला भाग. त्यात बापाला संवाद फारसे नाहीत. एका प्रसंगात तो स्वयंपाकघरात उघडाबंब उभा राहून निवांत पेपर वाचतोय आणि बायको त्याच्या पाठीवरचे केस भादरतेय. पोरांची आई कशालाच घाबरत नाही, म्हणून बाप प्रत्येक गोष्टीला घाबरेल, अशी जुळणी त्यानं स्वतः केली होती. लिहिलेल्या चार ओळींत ती कुठे कुठे बसवलीय ते शोधा. हे दोन्ही बघून झाले की तुमच्या पुढच्या ‘चोवीस तास महत्त्वाचे आहेत’वाल्या डॉक्टरची दोन पानं काढा आणि त्याच्या आधी तो डॉक्टर कुठल्या पेशंटकडून आलाय ते ठरवून मगच सेटवर जा.